यमुताईंच्या घरून निघताना

जितेंद्र त्या दिवशी सकाळी नागपूरच्या बर्डीवर, बाजारात, खोटा अंबाडा घ्यायला गेला होता. दुकानदारानं विचारलं, "वहिनींसाठी का?" जितेंद्र "हो" म्हणून मोकळा झाला. सगळ्यांना खरं सांगत कुठं बसायचं? अंबाडा त्याला स्वतःलाच घालायचा होता.

धरमपेठेत पहिल्या मजल्यावर त्याची एस्केप रूम होती. पाहुण्यांना खोलीत कोंडायचं आणि त्यांनी तासाभरात कोडी सोडवून बाहेर पडायचं, असा हा खेळ. दुसरीकडे असल्या खोल्यांत भुतं असतात, खून असतात. याच्या खोलीत नुसती यमुताई होती. बहिरी, बडबडी, आग्रहानं जीव नकोसा करणारी म्हातारी. पाहुणे चावी शोधत असले की ही बया मध्येच पोह्यांची प्लेट पुढे करणार आणि विचारणार, "सोयरीक झाली का गा तुयी?" लोक हसून हसून गडबडा लोळत. बरं, सगळी कुलपं उघडली तरी शेवटचं दार उघडायचं नाही. कोणी "जातो" म्हणालं की यमुताई कपाळावर हात मारून घ्यायची. "जातो म्हणते मेला! बस खाली!" मग केव्हातरी कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायचा आणि तो म्हणायचा, "येतो, यमुताई." त्यावर ती तोंडभरून म्हणायची, "या!" आणि दार उघडायचं.

ही यमुताई म्हणजे वंदना, जितेंद्रची बायको. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत चार हिवाळे गाजवून आलेली. ती आत धमाल करायची आणि जितेंद्र बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत बसायचा. ती "या" म्हणाली की तो दाराचं बटण दाबायचा.

जानेवारीत एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. धंतोलीत डॉक्टरांना दाखवून येते म्हणाली. चारचे पाहुणे यायचे होते आणि जितेंद्र दाराच्या कुलपात डोकं घालून वायर जोडत होता.

"येते गा मी," ती म्हणाली. त्यानं वायरचं दुसरं टोक सोललं. "येते ना!"

"अवं, जा ना वं एकदाची! डोकं नको खाऊ."

ती जराशी थांबली. दिवसाला वीस जणांना जो 'या' तोंडभरून द्यायची, त्यातला साधा 'ये' तिला तिच्याच माणसाकडून मिळाला नाही. मग ती जिना उतरून गेली. दवाखान्यात पोचली, नाव सांगितलं, बाकावर बसली आणि बसल्या जागी गेली.

एका शब्दानं कोणी मरत नाही हो. हे जितेंद्रलाही कळत होतं. पण कळून उपयोग काय?

तीन महिन्यांनी त्यानं मिशी काढली, तिचं लुगडं नेसलं, दाराचं बटण कमरेला खोचलं आणि तोच यमुताई झाला. तिच्या आवाजात बोलायचा. तेवढा तासभर ती घरात आहे असं त्याला वाटायचं.

तर त्या मे महिन्यातल्या दुपारी, नवा अंबाडा घालून, त्यानं काटोलच्या चंपतराव गुरुजींना आणि त्यांच्या वच्छलाबाईंना मनसोक्त हसवलं. ते "येतो" म्हणाले, हा "या!" म्हणाला, दार उघडलं. सगळं नेहमीसारखं झालं.

बाहेर चपला घालता घालता वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "एक विचारू का भाऊ? ते दुसरी यमुताई कोण होती?"

"दुसरी?"

"शेगडीपाशी उभी होती ना... असंच लुगडं. आमी निघालो तशी तेही दारापर्यंत आली. तुमच्याकडे पाहून म्हणे, येते गा मी..." बाईंचा आवाज बारीक झाला. "तुमी तिले काहीच नाही बोलले. काहून? बिचारी परत आत जाऊन बसली."

"मले तर कोणी नाही दिसलं वं," चंपतराव म्हणाले. "चाल, बस चुकीन."

ते गेले. जितेंद्र आत आला. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण त्या बंद खोलीत गारठा होता. दवाखान्यात इंजेक्शनआधी कापूस फिरवतात ना, तसला वास येत होता. कोपऱ्यात बांगड्या हलल्या.

"येते गा मी..."

आवाजात राग नव्हता. ती नुसती दमली होती.

जितेंद्रच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि डोळ्यांतून पाणीच वाहायला लागलं. चार महिने हेच तर मागत होता तो. एकदा पुन्हा ती तसं म्हणू दे, मी धावत जाऊन म्हणेन, ये वं, सांभाळून ये. शब्द ओठांवर आलाही. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं. हा खेळ त्यानंच बांधला होता. 'या' म्हटलं की दार उघडतं. दार उघडलं की माणूस निघून जातो.

"येते ना..."

त्यानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिथंच खाली बसला, लेकरासारखा हुंदके देऊन रडला, पण बोलला नाही. थोड्या वेळानं बांगड्या त्याच्याजवळ आल्या, थांबल्या आणि रात्री त्याच्यामागून घरीही आल्या. त्यानं हे बरं केलं का वाईट, ते सांगणारा मी कोण? पण मला तिची फार कीव येते.

खेळ अजून चालू आहे. फक्त यमुताई आता "या" म्हणत नाही. पाहुणे वाट बघतात, मग दार आपलं मुकाट उघडतं आणि लोक जरा हिरमुसून जिना उतरतात.

परवा रामटेकहून त्याची बहीण गोपिका त्याच्या घरी राहायला आली. सकाळी अंथरूण आवरताना तिनं आतूनच हाक मारली, "दादा, वहिनीच्या बाजूची उशी काहून ओली आहे गा?"

जितेंद्र उठून आत आला. ती उशी घेऊन गच्चीवर गेला आणि उन्हात टाकून आला. मेअखेरचं नागपूरचं ऊन, पण संध्याकाळपर्यंत ती वाळली नाही.