ठिपका खाली होता

"जरा सांभाळून! माझा श्वास सांडेल."

लिफ्टच्या दारात त्याला माझा धक्का लागला होता. त्याच्या छातीतून निघालेली नळी हातातल्या बाटलीत उतरलेली, आणि बाटलीत बुडबुडे. भोपाळच्या आमच्या हॉस्पिटलात असं घरचं मराठी क्वचितच कानावर पडतं. मी हसलेच.

गौरांग. आनंद नगरचा. मोठ्या तलावावर मुलांना नाव वल्हवायला शिकवायचा. फुफ्फुसाचं ऑपरेशन होऊन अठरा दिवस झाले, तरी आतून कुठूनतरी हवा निसटतच होती. सोमवारी पुन्हा छाती उघडणार होते. फुफ्फुसाचा आणखी तुकडा गेला, तर वल्हवणं कायमचं संपणार होतं.

मी न्यूक्लिअर मेडिसिनची टेक्निशियन. शनिवारी सकाळीच सर्जन अनुराधा मॅडमसमोर उभी राहिले.

"मॅडम, आधी स्कॅन करू या. किरणोत्सारी फवारा श्वासातून आत जाईल. हवा जिथून निसटते, तिथे कॅमेऱ्यात ठिपका दिसेल."

"गळती ऑपरेशनच्या वरच्या टाक्यांतूनच आहे, शमिका."

"असेल. पण… नसली तर?"

मी हलले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "कर."

"खोल श्वास घ्या," मी गौरांगला म्हटलं.

"तुम्ही अशा समोर असताना? मुश्किल है."

"बोलू नका!" माझे कान तापले होते. "आणि आज लहान मुलांपासून लांब राहायचं."

"तुमच्यापासून?"

"…माझ्यापासूनही."

वरच्या टाक्यांपाशी काहीच नव्हतं. ठिपका होता अगदी खाली, एकुलता एक. मॅडमनी पडदा जवळ ओढून तो ठिपका पुन्हा तपासला. सोमवारी छाती उघडलीच नाही; घशातून दुर्बीण घालून तिथली हवा अडवणारी एक छोटीशी झडप बसवली. गुरुवारी बाटली शांत झाली.

घरी जाताना तो नुसतं "येतो" म्हणाला. मीही नुसतं "या" म्हटलं. पेशंट होता ना तो.

दीड महिन्यानं झडप काढली. शेवटच्या तपासणीनंतर मॅडम म्हणाल्या, "हा आता माझा पेशंट नाही." मी ॲप्रन काढला आणि जिना उतरत धावले.

गेटपाशी तो स्कूटरच्या आरशात बघून केस विंचरत होता.

"गौरांग! मला बोलायचंय. पेशंट होतात म्हणून थांबले. मला… तुम्ही आवडता."

कंगवा केसांतच राहिला.

"अरे यार! हेच सांगायला मी वर येत होतो. दोन मिनिटं थांबला असतात तर—"

"का थांबू?" म्हटलं, आणि मी त्याच्या मागे स्कूटरवर बसले.