मोगरी बंधाऱ्यापलीकडे गेली

"पळ की गं बाई! पाया पडतो तुझ्या!" सयाजीकाका नव्याकोऱ्या मोटारसायकलची मूठ पिळत ओरडले.

मोगरी म्हैस जागची हलली नाही. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ आणि तोंडात कडब्याचं धाट! रवंथ करत ती गाडीकडे असं बघत होती, जणू ती शेजाऱ्यांचीच गाडी.

"पप्पा, तिला ही गाडी वळखूच येत न्हाय!" ऋतुराज हसून हसून वाकला. "जुन्या गाडीचा आवाज कसा, जाळ अन् धूर संगटच!"

"गप बस रं!" काका खेकसले.

दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून मालकाच्या मोटारसायकलमागे पळवायच्या, ही कोल्हापूरकडची हौस. वाघुर्डे गावात मोगरीचा पहिला नंबर ठरलेलाच! पण दसऱ्याला काकांनी जुनी गाडी मुरगूडच्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली, आणि म्हशीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

"त्यापेक्षा तुम्हीच पळा काका, आम्ही मोगरीला गाडीवर बसवतो!" संयोगिता म्हणाली. ती सातवीतली, कोल्हापूरहून सुट्टीला आलेली. ऋतुराज तिचा चुलतभाऊ. त्याची धाकटी बहीण क्रांती पाचवीत होती आणि तिचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं.

काका रागारागाने फराळाला आत गेले. त्यांच्यामागून मुलंही. बाहेर फटाक्यांच्या माळा तडतडत होत्या, देवळावर कर्णा कोकलत होता. चकल्या खाऊन तिघं बाहेर आली, तर खुंट्याशी कुणीच नव्हतं!

"मोगरी! मोगरी कुठं गेली?"

बघता बघता देवळापुढे माणसं जमली. "बोरमाळकरांचं काम!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. तुला कसं ठाऊक, असं त्याला कुणीच विचारलं नाही.

नदीपलीकडच्या बोरमाळशी वाघुर्डेचं वाकडं होतं ते आजोबांच्या, म्हणजे तात्यांच्या लहानपणापासून. बोरमाळचा नागाप्पा वाघुर्डेचा बैल चोरून नेताना नदीकाठी सापडला आणि गावाने त्याला तिथेच दगडांनी ठेचून मारलं. ही गोष्ट संयोगिताने कितीदा तरी ऐकली होती. सांगणाऱ्याची मान दर वेळी ताठ असायची. तेव्हापासून दोन गावांत सोयरीक नाही, जेवणावळ नाही, साधा क्रिकेटचा सामनासुद्धा नाही.

"इसरली वाटतं बोरमाळची मानसं!" तात्यांनी काठी आपटली. "पुन्यांदा आठवण करून द्याय पायजे!"

"पोलिसांना फोन करूया की," संयोगिता म्हणाली.

"मागनं करू," सरपंच म्हणाले. त्यांच्याही हातात दांडकं होतं.

 संयोगिताने ऋतुराज आणि क्रांतीला गोठ्यात ओढलं. "आधी बघूया तरी नक्की काय झालंय!"

ऋतुराजने खुंट्याला उरलेलं दाव्याचं टोक उचललं. "हे कापलेलं न्हाय. हिसका बसून तुटलंय!"

"आणि हे बघा!" क्रांती रस्त्यावरच्या चिखलात वाकली. "खुरं लांब लांब पडल्यात. म्हणजे पळत गेलीय! अन् बाजूला माणसाचं पाऊल न्हाय, चाकाची नक्षी हाय!"

"म्हणजे ती गाडीच्या मागं पळाली," संयोगिता सावकाश म्हणाली. "पण मोगरी कुठल्याही गाडीमागं पळत नाही..."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "जुनी गाडी!"

तिघं धापा टाकत देवळाकडे धावली. "पप्पा, ऐका तरी! आपलीच जुनी गाडी..."

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नगंस! घरात जा!" काकांनी ऋतुराजला ढकललं.

नदीकडे फिरकायचं नाही, असं आईने येताना बजावलं होतं. संयोगिताला ते पक्कं आठवत होतं. पण गर्दीत आता दगड गोळा करणं चाललं होतं. ती उसातल्या पाऊलवाटेला वळली. "चला, बंधाऱ्यावरून!"

पलीकडे बोरमाळचं पहिलंच घर. अंगणात काकांची जुनी मोटारसायकल आणि तिच्या सीटवर मान घासत उभी मोगरी! शेजारी कॉलेजातल्या वयाचा एक मुलगा आणि त्याचा दंड घट्ट धरलेली म्हातारी.

"आमची म्हस!" क्रांती ओरडली.

"घेऊन जावा की बाबांनो!" मुलगा काकुळतीला आला. "मी सोमशेखर. मुरगूडच्या गॅरेजातनं ही गाडी विकत घेऊन तुमच्या गावावरनं येत होतो. आरशात बघतोय तर ही बया मागं! थांबलो की थांबती, पळवली की पळती. परत आणून देणार होतो, पण आमची आजी सोडंना!"

"ब्याड! नको! न्हाय सोडायची!" म्हातारीने, चन्नम्माने, नातवाचा दंड आणखी आवळला. "माझा बाप पण असाच निघालेला. चुकून आलेला बैल, ज्याचा त्याला देऊन येतो म्हटला. तुमच्या गावानं त्याच्या हातातलं दावं बघितलं. दुसरं कायबी इचारलं न्हाय."

संयोगिता पुढे झाली. "तुमचे वडील... नागाप्पा?"

"पण ते तर चोर..." क्रांती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"तुमच्यात तसंच सांगत्यात. ठाव हाय मला," चन्नम्मा म्हणाली.

पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. गर्दी निघाली होती!

"दावं आमच्या हातात द्या," संयोगिता घाईने म्हणाली. "आम्हाला कोण मारतंय? दादा, तुम्ही अंगणातनं हलू नका. ऋतुराजने त्याच्या गळ्यातला टॉवेल हलवला की गाडी चालू करून भोंगा वाजवायचा!"

मोगरीला घेऊन तिघं बंधाऱ्याच्या मध्यावर आली, तोच समोरून आरोळी उठली. "त्यो बघा, आला! हाणा!"

एक दगड सणसणत आला आणि क्रांतीच्या कानाजवळून पाण्यात पडला.

"अरं थांबा! आपली पोरं हाईत!" सयाजीकाका किंचाळले.

क्रांतीचं तोंड जागेपणी पहिल्यांदाच बंद झालं. संयोगिताने तिला पाठीशी घेतलं. 

"चोर कुठाय?" तात्या गरजले.

"चोर नाहीच आहे! ऋतुराज, हलव!"

टॉवेल फडकला. पलीकडे गाडी फटफटली आणि भोंगा वाजला. मोगरीचे कान उभे राहिले! दाव्याला हिसडा देऊन, मोरपिसं उडवत ती गर्रकन वळली आणि शेपटी वर करून बोरमाळकडे अशी सुटली, की पाडव्याचा नंबर तिथेच लागावा!

तो आवाज अख्ख्या वाघुर्डेला पाठ होता. सगळ्यांच्या माना सयाजीकाकांकडे वळल्या.

"माझीच गाडी की ती," काका पुटपुटले. हातातला दगड कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

"भले शाब्बास!" सरपंच पुढे झाले. "पोरांनी डोकं लढवलं! ग्रामपंचायतीत सत्कार करायचा यांचा!"

"नात कुणाची हाय!" तात्यांनी संयोगिताच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तात्या, नागाप्पासुद्धा बैल परत द्यायलाच येत होते," संयोगिता म्हणाली. "ते चोर नव्हते."

तात्यांचा हात थांबला.

"सणासुदीचं काय काढतीस ते?" कुणीतरी मागून म्हणालं.

"पण दगड आजही मारलात ना! न विचारताच!"

"वकील हुनार बघा ही!" सरपंच मोठ्याने हसले. मग बाकीचेही हसले, टाळ्या वाजू लागल्या. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं.

मोगरीला आणायला पुन्हा मुलंच गेली. मोठ्यांपैकी एकानेही पाऊल पुढे टाकलं नाही. सोमशेखरने गाडी बंद केली होती. चन्नम्मा नातवाबरोबर बंधाऱ्याच्या तोंडापर्यंत आली आणि तिने दावं संयोगिताच्या हातात दिलं.

"आज्जी, मी सांगितलं त्यांना."

"मग? काय म्हटले?"

 "मी हुशार आहे म्हणाले," संयोगिता कशीबशी म्हणाली.

चन्नम्माने मान हलवली. मग नातवाला आपल्या पाठीमागे घेऊन ती परत निघाली, पण वळली नाही. गर्दीवरची नजर न काढता, मागे मागे पाय टाकत, आपल्या दारापर्यंत ती तशीच उलटी चालत गेली.

अलीकडच्या काठावर अजून टाळ्या वाजत होत्या.