शून्य दिवसांची रांग

जिल्ह्यात आता एकाही मुलाला मानसोपचारासाठी थांबावं लागत नव्हतं. बालमानस केंद्राच्या दारावरच लिहिलेलं होतं, 'सरासरी प्रतीक्षा : शून्य दिवस.' एसटी डेपोत इंजिनं दुरुस्त करणाऱ्या सुजाता खोब्रागडेनं चौदा महिन्यांपूर्वी ते वाचलं, तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. तिची नऊ वर्षांची मुलगी मित्रा; तिच्या डोळ्यांदेखत तिची मैत्रीण पुरात वाहून गेली होती. तेव्हापासून नळाच्या आवाजानंही पोर थरथरायची.

केंद्रातल्या डॉ. कुमुद देशकरांनी तिच्या हातात नाकात मारायचा एक फवारा ठेवला. त्याचं नाव 'विराम'.

"ताई, दिवसभरात जे घडतं ते मेंदू झोपेत पक्कं करतो. भीतीसुद्धा. विराम ती गाठ बसू देत नाही. रोज रात्री जेवणानंतर द्या. नंबर लागेपर्यंत आजार आहे तिथेच राहील, आणि आपण थांबलोय हे तिला आठवणारही नाही."

झालंही तसंच. मित्रा रोज सकाळी उठून विचारायची, "आई, आज त्या ताई माझ्याशी बोलणार ना?" सुजाता हो म्हणायची. फ्रॉक आखूड कसा झाला, याचं मित्राला रोज नव्यानं नवल वाटायचं. तिच्या वर्गातली मुलं पाचवीत गेली. ती मात्र त्याच धड्यावर.

शेवटी सुजाता केंद्रात जाऊन बसली. देशकरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. मित्राच्या नावापुढे शून्य दिवस होते.

"चौदा महिने झाले, मॅडम."

"तुमचे. नियमात पेशंटला जाणवलेले दिवस धरतात. ज्याला थांबल्याचं जाणवतं, त्याचा नंबर आधी."

"मग हिचा कधी?"

देशकरांनी पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. "विराम चालू आहे तोवर नाही."

"आणि बंद केला तर?"

"भीती उसळेल. शिवाय एवढे महिने कुठे गेले, ते तिला सांगावं लागेल. विरामवर दोनशे बारा मुलं आहेत, ताई. अजून एकाही आईनं तो बंद केलेला नाही."

सुजातानं त्याच संध्याकाळी बंद केला. तीन दिवस मित्रा किंचाळत होती, पाण्याला शिवत नव्हती. सुजातानं तिला कुशीत धरून सगळं खरं सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी मित्रा हळूच म्हणाली, "काल मी तुझ्या हाताला चावले. दुखतंय का गं?"

तिला काल आठवत होता. सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं लगेच केंद्रात फोन लावला, स्पीकरवर.

"नोंद झालीय," देशकर म्हणाल्या. "पहिला नंबर तिचाच. रांगेत दुसरं कुणी नाही."

"मग कधी आणू?"

"रांगच नाही म्हणून समुपदेशकांची सगळी पदं गेल्या मार्चमध्येच रद्द झाली, ताई. बोलायला कुणी उरलेलं नाही. आता इथे फक्त फवारा मिळतो."

सुजातानं फोन खाली ठेवला. मित्रा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, तो फवारा दे," ती म्हणाली. "मला आजचा दिवस नको."