तिसऱ्या क्लॅम्पवरची रेघ

"कोरड्या रस्त्यावर गाडी बुडाली, वहिनी! इंजिनात पाणी! चढावर!"

मुलगी दारातच उभी होती. आत ये म्हणायच्या आधीच तिनं हे सांगून टाकलं. भावजींनी पटकन खुर्ची सरकवली.

वहिनींनी अकरा वर्षं विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या, मग स्वतःची तपासाची पाटी लावली. त्यांचा दीर, भावजी, सोबतीला. तो वहिनी म्हणतो म्हणून सगळं जग त्यांना वहिनी म्हणतं. तो गाडी चालवतो, पिशवी धरतो आणि सगळं अर्ध्या तासानं समजून घेतो.

"कोणाची गाडी?" वहिनींनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याची. रविवारी चढाची शर्यत होती. दुसऱ्या वळणावर इंजिन एकदम जाम झालं, गाडी भिंतीला. पाय मोडलाय, तीन बरगड्या. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला." तिनं ओढणी तोंडाला लावली. "आणि आता सगळे माझ्या बाबांवर उठलेत. बाबा मिस्त्री आहेत. इंटेक त्यांनी बसवला होता."

"इंटेक म्हणजे?" भावजी.

"कंपनीचा हवेचा डबा काढून वेगळा पाइप बसवतात," वहिनी म्हणाल्या. " इंजिनाला जास्त हवा, जास्त ताकद. छोटा पाइप वरच संपतो, पण इंजिनाजवळची गरम हवा ओढतो. लांब पाइप खाली बंपरमागे जातो, थंड हवा ओढतो. त्यात ताकद जास्त. पण खाली असल्यानं पाण्याची भीती."

"म्हणजे गुडघ्याला नाक," भावजी म्हणाले.

कोणी हसलं नाही.

"आमचा छोटा ठरला होता," ती म्हणाली. "बाबांनी लांब बसवला. मला नंतर कळलं. शर्यतीला जाताना भुयारी रस्त्यात पाणी साचलेलं असतं, ते लांब पाइपनं ओढलं असं माझे थोरले दीर म्हणतात. बाबांनी चूक कबूल करून सही द्यायची आणि गॅरेज कायमचं बंद करायचं, नाहीतर पोलीस. आज संध्याकाळी सही आहे. बाबा तयार झालेत, वहिनी! तीस वर्षांचं गॅरेज, आणि ते भांडतही नाहीयेत!"

वहिनींनी चपला घातल्या.

---

गॅरेजात गाडी उभी होती. पुढचा डावा कोपरा चिरडलेला, बॉनेट वर.

शेजारी दादा उभा होता, जावयाचा थोरला भाऊ. डोळे सुजलेले.

"तपास कसला करताय? पाइप यांनीच बसवलाय ना? माझा भाऊ मरता मरता वाचलाय!"

"खरंय," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "लांब पाइप मीच निवडला."

वहिनींनी बाह्या सारल्या आणि वाकून बंपरमागचा फिल्टर काढला. कापसाच्या जाळीचा, तेल लावलेला. बोट फिरवलं. चिकट. तेल सगळीकडे सारखं, वर बारीक धूळ. भावजींनीही बोट लावलं आणि पँटला पुसलं.

"इंजिनातलं पाणी ठेवलंय?"

मिस्त्रीनं बाटली दिली. वहिनींनी ती उजेडाकडे धरली. तेलाचा थोडा तवंग, बाकी पाणी नितळ. मग त्या पाइपवर हात फिरवत गेल्या. इंजिनापासून निघून पाइप खाली उतरत होता, बॅटरीच्या बाजूनं मोठा झोल घेत होता आणि फिल्टरपाशी पुन्हा वर येत होता. तीन ठिकाणी क्लॅम्प, म्हणजे पाइप घट्ट धरणाऱ्या स्क्रूच्या पट्ट्या, आवळलेले. प्रत्येक क्लॅम्पच्या स्क्रूवर वांगी रंगाची रेघ.

"ही रेघ कसली हो?" त्यांनी दादाला विचारलं.

"काय माहीत? कंपनीचा रंग असेल. तुम्ही मुद्द्याचं बोला."

मिस्त्रीचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "माझी खूण आहे ती. स्क्रू आवळला की वरून पट्टीपर्यंत रेघ. कोणी स्क्रू हलवला की रेघ तुटते, लगेच कळतं. लेकीची नेलपॉलिश वापरतो. शाळेतून आली की हीच रेघा काढत बसायची इथं."

"आणि पुन्हा आवळायचा झाला तर?"

"आधी जुनी रेघ थिनरनं पुसायची. रेघेवर रेघ काढायची नाही. हा माझा नियमच आहे."

"मग ही तिसरी बघा जरा. इंजिनाकडची."

मिस्त्री वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"माझीच आहे," तो म्हणाला.

"खाली एक तुटकी रेघ दिसतेय. तिच्यावर दुसरी."

"माझीच आहे म्हटलं ना!" आणि तो हात धुवायला गेला. हात स्वच्छच होते.

---

पार्टवाल्याचं दुकान गल्लीच्या टोकाला. माणूस बोलका.

"शनिवारी दुपारी नवरा-बायको आले. त्याला लांबच पाहिजे होता, ती म्हणाली छोटा घे. घेतला. संध्याकाळी मिस्त्री एकटे आले, छोटा परत केला, लांब घेऊन गेले. म्हणाले, जावयाच्या इंजिनाला गरम हवा कशाला? मला काय, दोन्ही माझेच."

"वरून बघून कळतं का हो, कोणता बसवलाय ते?"

"छे! इंजिनाकडचा वीतभर तुकडा दोन्हींचा सारखाच. पुढे झाकण येतं. खाली वाकल्याशिवाय नाही कळत."

"आणि मिस्त्री स्क्रूवर रेघ काढतात, ती कशासाठी?"

"रेघ? रंग सांडला असेल," पार्टवाला म्हणाला.

बाहेर आल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, हा पार्टवाला मला गोड-गोड वाटतो. यानंच काहीतरी केलंय."

"तुम्हाला चहावालाही गोड वाटतो, भावजी. चला, हॉस्पिटल."

---

जावई उशीवर टेकून बसला होता. पाय वर टांगलेला, आवाज अगदी बारीक.

"भुयारी रस्त्यात पाणी किती होतं?" वहिनींनी विचारलं.

"घोट्याएवढं. गढूळ. त्यानंतर नऊ किलोमीटर गाडी मस्त चालली. सपाट रस्ता, शांतपणे आणली. चढ लागला, पाय दाबला आणि..." त्यानं डोळे मिटले. "अजून तो आवाज कानात आहे."

"सकाळी सुरू करताना काही वेगळं जाणवलं?"

"गुळण्या केल्यासारखा आवाज आला दोन मिनिटं. मला वाटलं, नवीन पाइपचा असेल."

कपाटावर त्याचं हेल्मेट होतं. वहिनींनी हातात घेतलं. पट्ट्याच्या बकलाजवळ बोटाच्या टोकाएवढा वांगी डाग.

"हे काय?"

तो कसंनुसं हसला. "बायको. रविवारी सकाळी मी आंघोळीहून आलो, तर घालून बघ म्हणाली. पट्टा सैल होता, तिनं ओढून बांधला. नेलपॉलिश ओली असावी. तिला शर्यत अजिबात आवडत नाही हो, पण पट्टा तीच बांधते."

भावजींनी खिडकीबाहेर बघितलं. आज त्यांना अर्धा तास लागला नाही.

---

संध्याकाळी गॅरेजात कागद पसरलेला होता. मिस्त्रीच्या हातात पेन. लेक भिंतीला टेकून उभी. दादा येरझाऱ्या घालत होता.

"थांबा, मिस्त्री," वहिनी म्हणाल्या. "तुमचा पाइप पाणी प्यायलाच नाही."

"म्हणजे?" दादा गर्रकन वळला.

"भुयाराचं पाणी ओढलं असतं तर फिल्टर चिखलानं माखला असता, तेल धुऊन गेलं असतं. फिल्टर कोरडा आहे, तेल जागच्या जागी. भुयारातलं पाणी गढूळ, इंजिनातलं नितळ. आणि पाणी तिथं ओढलं असतं तर गाडी तिथंच मेली असती. ती नऊ किलोमीटर पळाली, दादा."

"मग पाणी आलं कुठून? आकाशातून?"

"नळातून. फिल्टरच्या मागून. कोणीतरी इंजिनाकडचा क्लॅम्प सोडला, पाइपात पाणी ओतलं आणि क्लॅम्प परत आवळला. पाइपाला खाली झोल आहे, त्यात ते साचून राहिलं. हवा त्यातून बुडबुडत जात होती, म्हणून गुळण्यांचा आवाज. सपाटीवर पाणी झोलातच बसलं. चढावर गाडीचं नाक वर झालं, पाय दाबला गेला, आणि सगळं पाणी एका दमात इंजिनात."

दादा दोन पावलं पुढे आला. "म्हणजे... मुद्दाम? माझ्या भावाला मारायला?"

"मारायला नाही. छोटा पाइप असता तर पाणी थेट इंजिनाच्या तोंडाशी गेलं असतं आणि घरापाशीच किल्ली फिरवल्यावर गाडी आचके देऊन बंद पडली असती. शर्यत बुडाली असती, बस्स. ज्यानं पाणी ओतलं, त्याला आत छोटाच पाइप आहे असं वाटत होतं."

वहिनी गाडीपाशी वाकल्या.

"आता ती रेघ. स्क्रू सोडला तेव्हा ती तुटली, आणि कोणीतरी ती परत काढली. दादा, तुम्हाला ती कंपनीचा रंग वाटली. पार्टवाल्याला सांडलेला रंग. ज्याला रेघेचा अर्थच माहीत नाही, तो ती सांधत बसेल कशाला? अर्थ माहीत असलेली माणसं दोनच. मिस्त्रींनी स्क्रू उघडला असता, तर जुनी रेघ आधी पुसली असती. पण मिस्त्री मला म्हणाले, दोन्ही रेघा माझ्याच. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस कोणासाठी खोटं बोलेल?"

मिस्त्रीनं पेन घट्ट धरलं. "वहिनी, पाया पडतो. पुरे."

"हेल्मेटच्या पट्ट्यावर ओल्या नेलपॉलिशचा डाग आहे," वहिनी हळू म्हणाल्या. "रविवारी सकाळचा."

लेक भिंतीपासून पुढे आली.

"तो आंघोळीला गेला होता," ती म्हणाली. "तांब्याभर पाणी. एवढंच. मला वाटलं, गाडी सुरूच होणार नाही. तीनदा शपथ घातली होती मी त्याला, तीनदा मोडली. मागच्या महिन्यात त्याच वळणावर त्याचा मित्र गेला."

"पण गाडी सुरू झाली," वहिनी म्हणाल्या. "तेव्हा का नाही ओरडलीस?"

तिनं वर बघितलं. तो चेहरा भावजींना पुढे कित्येक दिवस दिसत राहिला.

"हायसं वाटलं, वहिनी. वाटलं, पाणी गळून गेलं असेल. वाटलं, बरं झालं, पकडली नाही गेले."

दादा टायरवर बसला. शिव्या देईल असं वाटलं होतं, पण तो नुसता त्या कागदाकडे बघत राहिला. दोन दिवस हाच माणूस तो कागद नाचवत होता.

मिस्त्री अजूनही हटून बसला होता. "सही मी करणार. पाइप मी बदलला. मी बदलला नसता तर काही झालं नसतं."

"बाबा, द्या ते." तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. सही केली नाही, पेन मुठीत धरलं. "आधी त्याला सांगते. मग तो म्हणेल तिथं सही करते. पोलिसातसुद्धा."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

मिस्त्री गाडीपाशी गेला. तिसऱ्या क्लॅम्पवर अंगठा ठेवला, जणू पुसणार होता. पुसलं मात्र नाही.

"वाकून बघितलं तेव्हाच," तो म्हणाला. "तू सात वर्षांची असल्यापासून सांगतोय, रेघ सरळ काढ. अजून तिरकीच काढतेस."