घरागणिक बातमी

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी हेमांगी तीन महिन्यांच्या लेकीला पाजत बसली होती आणि समोरच्या पडद्यावर हेमांगीच बातम्या देत होती. वाहिनीने तिची 'छबी' तयार केली होती. चेहरा तिचा, आवाज तिचा, वाक्यं जुळवायचं काम यंत्राचं. बाळंतपणात नोकरी टिकते आहे, हे काय कमी होतं?

"सोलापुरात मतदान शांततेत," छबी म्हणाली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, बिराजदार काकूंच्या घरातून, तोच आवाज आला. "केंद्रांवर प्रचंड गोंधळ. ज्येष्ठांनी घरीच थांबावं."

केंद्र तर समोरच्या शाळेत होतं. खिडकीतून दिसत होत्या चार बायका आणि जांभई देणारा एक पोलीस.

तिने संपादक उंबरजेंना फोन लावला.

"अगं, घरागणिक बातमी आहे ती. कोणतं घर कोणत्या पक्षाकडे कललंय ते यंत्र ओळखतं आणि तसं सांगतं."

"पण गोंधळ कुठाय?"

"वाक्य तुझंच आहे. सातव्या महिन्यात रेकॉर्ड केलंयस."

खरंच होतं. काहीही घडो, दोन्ही बातम्या आधीच वाचून ठेवायच्या, ही वृत्तकक्षाची जुनी रीत. पोटावर हात ठेवून तिने शांतताही वाचली होती आणि गोंधळही. खोटी ठरलेली फेकून देतात, असंच ती धरून चालली होती.

"काकूंना घरी बसवून कुणाचं भलं, सर?"

उंबरजेंनी फोन ठेवला.

मतदान संपायला थोडाच वेळ उरला होता. लेकीला खांद्यावर टाकून ती शेजारी धावली. काकू इरकल नेसून तयार होत्या, पण पाय पसरून बसलेल्या.

"चला काकू, केंद्र रिकामं आहे."

"तूच तर नको म्हणालीस की गं!"

"ती मी नाही. यंत्र आहे ते. माझ्या खिडकीतून दिसतंय ना सगळं."

"तुझ्या खिडकीतनं दिसतंय तेवढंच गाव हाय होय?" काकूंनी पडद्याकडे पाहिलं. काठपदराची साडी, ठसठशीत टिकली. मग हेमांगीकडे. दुधाने ओला गाऊन, सुटलेली वेणी. "बाळंतीण तू, झोप न्हाई तुला. आधी कान बांध, वारं लागंल. ती बघ, कसं नीट सांगतीय."

लेक रडू लागली. हेमांगी थोपटत राहिली, बोलत राहिली, रडणं थांबेना. पडद्यावरची छबी बोलू लागली तशी लेकीने हुंदका गिळला, तिकडे मान वळवली आणि चक्क हसली.

"बघ," काकू म्हणाल्या, "लेकराला बी कळतंय."

शाळेचं फाटक अजून उघडं होतं. पण काकूंना आता कुणाच्या आवाजात हाक मारायची?