तिसऱ्या बाकापर्यंत

ते गाणं आधी बंद कर, पोरा. एक-दोन-तीन म्हण, हवामान सांग, नाहीतर घशाला जरा विश्रांती दे. माइक तपासताना बोलावण्याचं गीत गायचं नसतं. आणि तू हसू नकोस. तुम्ही काल-परवा बसमध्ये चढलात. माझी हयात भजनी मंडळ्यांच्या बसगाड्यांखाली उताणं पडून गेली. आता जे सांगतोय ते रोंडा स्टिडमने स्वतः माझ्या गॅरेजात, पालथ्या बादलीवर बसून सांगितलंय, आणि रोंडा गोष्टी रचणाऱ्यांतली नव्हे. ते दार ओढून घ्या. हं.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, दुसरा शनिवार. स्टिडम कुटुंबाची बस टेनेसीतला कार्यक्रम उरकून अलाबामात डोंगरावरच्या त्या हर्मन चर्चच्या आवारात शिरली, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी तिथला वार्षिक मेळा होता. सकाळी उपासना, दुपारी ओकच्या झाडांखाली पंगती, मग दिवेलागणीपर्यंत गाणी. ब्रदर लमार म्हणजे तिथले पाळक. त्यांनी किल्ली पायरीवरच्या कुंडीखाली ठेवली होती. रोंडाच्या नवऱ्याने, रॉइसने बसची वायर चर्चच्या भिंतीला जोडली, कंबर धरून वर चढला आणि बूट काढून आडवा झाला. दिवसभर चाक त्याच्याच हातात होतं.

आत जाऊन माइक लावायचे, आवाज तपासायचा, एवढंच काम उरलं होतं. ते काम त्यांच्या मुलाचं, डस्टिनचं. बस चालवायचंही डस्टिनचंच. पण डस्टिन फेब्रुवारीत गेला. म्हणून रोंडाने किल्ली घेतली, लेकीला, केलीला हलवून उठवलं, आणि दोघी वायरींची गुंडाळी उचलून निघाल्या.

या घराचं सांगतो. रॉइसचा आवाज खर्जातला, रोंडाचा त्याच्या वरचा, केली पियानोवर. मुलांचे दुधाचे दात बसमध्येच पडले. प्रवचन संपलं की बोलावण्याचं गीत सुरू होतं, ज्याला आपलं आयुष्य देवाच्या हाती द्यायचंय तो मधल्या वाटेने चालत पुढे येतो, वेदीपाशी गुडघे टेकतो, आणि त्याचं तारण होतं. तुम्ही रोज बघता. रॉइसच्या आईने एक नियम घालून दिला होता. जोवर कुणाचे पाय चालतायत, तोवर गाणं थांबवायचं नाही. कडवी संपली तर पुन्हा पहिल्यापासून. एकदा संधिवाताची एक आजीबाई अगदी शेवटच्या बाकावरून निघाली. ती पोचेपर्यंत रॉइसचा आवाज बसला, पण गाणं थांबलं नाही.

अशी किती माणसं त्यांनी त्या वाटेने चालवली त्याला गणती नाही. घरचा पोरगा तेवढा चालला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गाणं सुरू झालं की डस्टिन बाहेर बसमध्ये, पाय वर टाकून, उकडलेल्या शेंगा खात बसायचा. म्हणायचा, तुम्ही लोकांना स्वर्गात पोचवा, मी तुम्हाला पुढच्या गावी पोचवतो. वाईट नव्हता हो. माझ्याकडे यायचा तर माझ्याआधी बसखाली शिरायचा. पण रोंडाच्या जिवाला तो घोर होता. एकदा तिने फारच धरून बसवलं तेव्हा तो म्हणाला,

"येईन गं आई. पण कोणी नसताना येईन. रुमाल काढून बघत बसतात ना तुझ्या त्या बाया, त्यांच्यासमोर नाही."

फेब्रुवारीत पावसाची झड लागली होती. बसचा अल्टरनेटर आणायला म्हणून तो रात्री पिकअप घेऊन निघाला. ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी चाललं होतं. त्याला वाटलं, निघू. गाडी दुसऱ्या दिवशी मिळाली. तो नंतर मिळाला, खाली विलोच्या झाडाच्या मुळांत अडकलेला. एका पायात बूट होता. दुसरा पाय उघडा.

प्रेतविधीला प्रवचन झालं. त्याच्या हातांची कला सांगितली, त्याचं हसणं सांगितलं. तो आता कुठे आहे, हे मात्र कुणी बोललं नाही. ते न बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं, आणि रोंडाला सगळ्यांत जास्त.

तेव्हापासून ती सुन्न झाली. रडली नाही. दाढ काढायला सुई टोचतात ना, मग आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. महिन्याभरात पुन्हा बस निघाली, कारण तारखा दिलेल्या होत्या. ती उभी राहायची, गायची, समोरची माणसं डोळे पुसायची. तिला कशाचंच काही नाही. ताटात काय वाढलंय तेही कळायचं नाही. आत एकच प्रश्न उरला होता. त्याचं तारण झालं, की नाही?

तर त्या रात्री.

केली मागे, दाराशेजारच्या, आवाजाच्या मिक्सरवर. रोंडा पुढे, वेदीजवळ माइकपाशी. तिच्या डोक्यावर एकच दिवा. मधे सगळे बाक अंधारात.

"गा काहीतरी, आई," केलीने मागून सांगितलं.

रोंडाला एकही गाणं आठवेना. आयुष्यभर गाणाऱ्या बाईला एक ओळ आठवेना. तिने तोंड उघडलं आणि जे आपोआप आलं ते आलं.

*दार नुसतं लोटलंय, कडी नाही घातली. चिखलाच्या पायांनी ये, कुणी रागावणार नाही...*

केलीने एकदा मान वर केली. हे बोलावण्याचं गीत, माइक तपासताना ते गायचं नसतं, हे तिलाही माहीत होतं. पण कितीतरी महिन्यांनी आई आपणहून गात होती. ती पुन्हा बटणांकडे वळली.

पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. आणि रोंडाला गार वारा लागला. त्याला वास होता. ओढ्याचा. कुजलेल्या पानांचा.

मग पाऊल वाजलं.

तिला वाटलं, रॉइस आला. पण रॉइस असा चालत नाही. हे एक पाऊल जड होतं... आणि पुढचं मऊ. ओलं. पुन्हा जड... पुन्हा मऊ. मधल्या वाटेने. सावकाश. बाकांच्या अंधारात काही दिसत नव्हतं. नुसतं येत होतं.

जड... मऊ.

उजेडाच्या कडेपर्यंत आलं.

रोंडा थांबली. ओळीच्या मधेच.

पाऊलही थांबलं.

"का थांबलीस?" मागून केली.

"कोण आलं?"

"कोणी नाही."

"दार..."

"दार बंद आहे, आई. मीच लावलंय."

केलीने भिंतीवर हात फिरवला आणि सगळे दिवे लावले.

वाटेवर दुधावरच्या सायीच्या रंगाचा गालिचा होता. त्यावर तांबडा चिखल. एक ठसा बुटाचा. एक उघड्या पायाचा, पाची बोटांसकट. बूट. पाय. बूट. पाय. दारापासून निघून पुढून तिसऱ्या बाकापर्यंत. तिथे दोन्ही ठसे शेजारी शेजारी, कुणी उभं राहिल्यासारखे.

परत गेलेला एकही नाही.

केलीने धावत जाऊन बापाला आणलं. रॉइस वाकला, बघितलं, कंबर धरून उभा राहिला. कुणी दारुडा शिरला असेल म्हणाला. मग परत कुठून गेला, असं केलीने विचारलं. रॉइस सकाळी पुसू म्हणाला, दिवे घालवले, कुलूप लावलं. किल्ली मात्र त्याने रोंडाच्याच हातात दिली, नेहमीच्या सवयीने.

ती बसमध्ये आपल्या फळीवर पडून राहिली. वरची फळी डस्टिनची. तिथे अजून कुणी साधी पिशवीसुद्धा ठेवलेली नव्हती. ती त्या फळीकडे बघत राहिली. झोप नव्हतीच. आणि मग तिच्या ध्यानात आलं, जे खरं तर उभ्या उभ्याच यायला हवं होतं.

तो तिथे उभाच आहे. पाय चालत होते आणि आपण गाणं थांबवलं.

मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "ड्यूई, घाबरायला आत काहीतरी जागं लागतं. माझ्यात काहीच जागं नव्हतं."

ती उठली. अनवाणीच. रॉइस घोरत होता. दवाने गवत भिजलं होतं, ते तिच्या तळव्यांना कळलंही नाही. तिने कुलूप काढलं. दिवा लावला नाही. माइक चालू केला नाही. बाकांना हात लावत बाजूच्या भिंतीकडून पुढे गेली, मधली वाट मोकळी सोडून. वेदीपाशी उभी राहिली. वाटेकडे तोंड केलं.

आणि डोळे मिटले. कोणी नसताना येईन, म्हणाला होता. मग आपण कोणी नसायला हवं.

जिथे तोडलं होतं तिथूनच तिने ओळ उचलली.

काही नाही.

कडवं संपलं. पहिल्यापासून सुरू केलं.

काही नाही...

आणि मग वास आला.

जड.

...

मऊ.

जवळ. अगदी जवळ. गालिच्यावर पाणी ठिबकत होतं. तिला ते ऐकू येत होतं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हाताने दुसरं मनगट घट्ट धरलं. पुढे आलेल्याच्या डोक्यावर हात ठेवायची सवय हातांना होती. आणि हा तर... नाही. बघायचं नाही. शिवायचं नाही. गायचं.

आवाज चिरकला. ती गात राहिली.

समोर वेदीपाशी गुडघे टेकायचा लांब बाक आहे. त्याचं लाकूड कुरकुरलं. एकदा.

मग काही नाही. ठिबकणंही नाही.

ती तरी थांबली नाही. घशातून नुसती हवा यायला लागली तरी ओठ हलत होते. बाहेर पाखरं बोलायला लागली, पापण्यांतून उजेड जाणवला, तेव्हा ती वळली. पाठीमागे जे होतं त्याच्याकडे न बघता भिंतीच्या कडेने चालत बाहेर आली आणि बसच्या पायरीवर बसली. तिथे तिला पायांना गार लागलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा काहीतरी लागलं.

रडली का? नाही. रॉइसने उठून कॉफी केली, पावासारख्या मऊ बिस्किटांवर रस्सा ओतून पुढे ठेवला. ती दोन घास खाऊन म्हणाली, मीठ जास्त झालंय. रॉइस तिच्याकडे बघत राहिला, आणि मग तोच रडला.

एवढ्यात ब्रदर लमार चर्चमधून बाहेर आले. मेळ्यासाठी दिवे-पंखे लावायला लवकर आले होते. हातात टोपी होती आणि चेहरा गोंधळलेला. त्यांना डस्टिन माहीत होता, म्हणजे मुलगा वारला एवढंच. बूट-बिट काही माहीत नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "काल रात्री इथे कुणी पुढे आलं होतं का?"

ती तिघं त्यांच्यामागून आत गेली. गालिच्यावरचे ठसे आता तिसऱ्या बाकापाशी थांबत नव्हते. वेदीच्या बाकावर पांढरी गादी आहे, तिच्यावर शेजारी शेजारी दोन गोल डाग होते, तांबड्या चिखलाचे, अजून ओले. आणि मागे गालिच्यावर, गुडघे टेकलेल्या माणसाचे पाय जिथे येतात तिथे, एका बाजूला बुटाचं टोक रुतलेलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला पाच बोटं.