पाकोळी छाप हिरवा ड्रेस

तिनं बाही ओढली, आणि बाही परत आत गेली.

जुन्या कपड्यांच्या त्या दुकानात कपडे इतके खच्चून टांगलेले असायचे, की एक काढायला जावं तर चार अंगावर यायचे. म्हणून तिनं पुन्हा ओढली. गर्द हिरवी, हाताला थंड लागणारी क्रेपची बाही... पुन्हा आत. या वेळी जरा रागानंच.

"सोडा ना!" कपड्यांच्या पलीकडून एक पुरुषी आवाज आला.

"तुम्ही सोडा. फाटेल."

"फाटेल म्हणूनच म्हणतोय."

"मग फाटायच्या आत सोडा!"

हँगर करकरत बाजूला झाले आणि मधल्या फटीतून एक चेहरा डोकावला. विस्कटलेले केस, कपाळाला आठी, आणि हातांत चक्क पांढरे सुती हातमोजे. कपडे बघायला हातमोजे घालून आलेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिला हसू फुटलं. बाही मात्र तिनं सोडली नाही.

"काय चाललंय? रस्सीखेच?" दुकानवाल्या काकू चष्मा कपाळावर चढवत आल्या.

"काकू, हा पाकोळीचा ड्रेस आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "गळ्याच्या आत बघा, शिवणाऱ्या बाईंची खूण, पाकोळी भरलीय. एके काळी या बाईंच्या ड्रेससाठी लोक थांबून राहायचे. आम्ही संग्रहालयात त्यांच्या कपड्यांचं प्रदर्शन भरवतोय, आणि हा हिरवा मी कुठं कुठं शोधला..."

"आणि मी हा घालणार आहे," ती म्हणाली.

"घालणार?" त्यानं असं विचारलं, जणू ती म्हणाली होती, मी हा तळून खाणार आहे.

काकूंनी दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. "ज्याला बसेल त्याचा. तुम्ही घालून बघणार असाल तर बघा बाबा, पडदा तिकडे आहे."

ती ड्रेस घेऊन पडद्याआड गेली.

घरी तिला सगळे 'शिडी' म्हणत. लाडानंच म्हणत, पण शिडीच. दारातून जाताना वाकायची, फोटोत मागे उभी राहायची, आणि उंची लपवायला खांदे पाडून चालायची तिला सवयच लागली होती. दुकानातले नवे कपडे तिला कधी धड बसले नाहीत. जुन्यांचं मात्र काही वेगळंच होतं. कुणीतरी डोकं लावून, जीव लावून बेतलेले ते कपडे अंगात घातले, की खांदे आपोआप मागे जायचे.

पडदा सरकला.

उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं ते हिरवं कापड खांद्यांवरून जे निघालं होतं, ते कमरेशी किंचित वळून पाण्यासारखं खाली उतरलं होतं. काकू "अगं बाई!" म्हणाल्या. तो ड्रेसची खालची कड बघत राहिला.

"कसा आहे?" तिनं मुद्दाम विचारलं.

"घोट्याच्या... चार बोटं वर राहतो."

"आणि बाकी?"

"बाकी..." त्यानं एकेक करून हातमोजे काढले आणि खिशात कोंबले. "बाकी काही म्हणणं नाही."

जाता जाता दारातून मागे वळून तो म्हणाला, "तारेच्या हँगरला लावू नका. अत्तर मारू नका. उन्हात वाळत घालू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"हळू घ्या," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला.

ते हसू तिच्याबरोबर घरापर्यंत आलं. नको म्हटलं तरी आलं.

ज्या मावशीकडे ती राहायची, तिला हे जुन्या कपड्यांचं वेड मुळीच पसंत नव्हतं. "कुण्या मेलेल्या बाईचे कपडे घालून हिंडतेस, शिडे!"

"मेली नसेल गं मावशी. जाडी झाली असेल."

"बाजारात नवे मिळत नाहीत का?"

"मिळतात. सगळ्या जणी एकसारख्या दिसतात त्यांत."

ती चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात डोळे तपासायची. पांढऱ्या कोटाच्या आत रोज एक जुना ड्रेस: कधी शिंपल्याच्या बटणांचा, कधी चुणीदार कॉलरचा. डोळे दाखवायला आलेल्या बायका नंबर राहू द्या, आधी ड्रेस कुठला ते विचारायच्या.

त्या आठवड्यात दार ढकलून आत आला तो हातमोजेवाला.

"तुम्ही?" ती दचकलीच.

"डोळे चुरचुरतात हो फार," तो खुर्चीत बसत म्हणाला. "बारीक काम ना आमचं."

तिनं दिवा मालवला. "हनुवटी इथं टेका. आणि माझ्या उजव्या कानाकडे बघा."

"कानाकडे?"

"कानाकडेच. डोळा हलवायचा नाही."

ती यंत्रावर वाकली. अंधारात दोघांच्या मध्ये एवढंसं अंतर, आणि त्यात एक बारीक उजेड.

"छान आहे," तो पुटपुटला.

"काय?"

"कान."

"बोलू नका. यंत्र हलतं." यंत्र हलत नव्हतं.

मग तिनं समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. त्यानं शेवटची ओळ धडाधड वाचली. खालच्या कोपऱ्यात पाटी छापणाऱ्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात होतं, तेही वाचलं.

"तुमच्या डोळ्यांना काही एक झालेलं नाही," ती हाताची घडी घालून म्हणाली.

"असं कसं? मला दिसत नाही ना नीट."

"काय दिसत नाही?"

"कोटाच्या आत आज कुठला ड्रेस आहे ते."

ती खळखळून हसली. पुढच्याच क्षणी मनात काहीतरी टोचलं. "हिरव्या ड्रेससाठी आलात ना? इथला पत्ता काकूंनी दिला असणार."

तो जरा ओशाळला. "हो... ड्रेससाठीच आलो होतो. प्रदर्शनापुरता द्याल का, असं विचारायला. खरंच त्यासाठीच. पण मग तुम्ही दिवा मालवलात, आणि... मला काय विचारायचं होतं तेच विसरलो."

याच्यावर रागवायचं तरी कसं? तिनं कोटाची बटणं उगाच चाचपली. "आधी दाखवा, तुम्ही तिथं कपड्यांचं करता काय. मग बघू."

संग्रहालयाच्या तळघरात त्याची खोली होती. लांबलचक टेबल, उथळ खण, आणि खणांत पातळ पांढऱ्या कागदात निजवलेले ड्रेस. खोलीत कापसाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. तो एकेक खण असा हळू ओढायचा, जणू आतलं कुणी जागं होईल.

"दवाखान्यासारखं वाटतं," ती हळूच म्हणाली. "बिचारे सगळे पडून आहेत."

"जिवंत तरी आहेत. घातले असते तर चिंध्या झाल्या असत्या."

"झाल्या असत्या. पण कुणीतरी नाचलं असतं की त्यांत!" ती टेबलाला टेकली. "सांगू? कॉलेजात मैत्रिणींबरोबर कपडे घ्यायला गेले, की सगळ्यांना बसायचे, मला सोडून. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय. मग एकदा मामीनं तिचा जुना कोट दिला, नावाजलेल्या शिंप्याच्या हातचा. अंगात घातला, आणि खांदा खांद्यावर! तेव्हा कळलं, माझं काही चुकलं नव्हतं. कपड्यांचंच माप चुकत होतं."

त्यानं उघडा खण हळूच आत सारला. मग म्हणाला, "माझ्या आईचा एकच फोटो आहे माझ्याकडे. त्यात तिनं पिवळा ड्रेस घातलाय. ती गेली तेव्हा मी लहान होतो. तो ड्रेस कुणीतरी कुणाला तरी देऊन टाकला. तेव्हापासून... हातातून कपडा सुटला की मला धस्स होतं."

बाहीची ती ओढाताण तिला आता वेगळीच वाटली.

"दिला तुम्हाला," ती म्हणाली. "प्रदर्शनापुरता. मग माझा मला परत. आणि परत दिलात की फिरायला न्यायचं."

"ड्रेसला, की तुम्हाला?"

"आम्ही दोघी एकत्रच हिंडतो."

त्यानंतरचे दिवस कसे गेले हे दोघांनाही सांगता आलं नसतं. तो संध्याकाळी चष्म्याच्या दुकानाशी यायचा. कधी चष्मा पुसायचं फडकं हवं म्हणून, तर कधी नुसताच. चष्मा नसलेला माणूस इतकी फडकी नेतो कशाला, असं तिच्या मालकांनी एकदा विचारलंसुद्धा.

उद्घाटनाला दुपारी दालन माणसांनी फुललं होतं. मावशी आली होती, दुकानवाल्या काकू आल्या होत्या. आणि पाकोळीवाल्या बाई स्वतः आल्या. काठी टेकत, पांढरे केस मानेशी घट्ट बांधलेले, नजर सुईसारखी. काचेच्या कपाटांत बिनडोक्याच्या पुतळ्यांवर त्यांचे ड्रेस उभे होते. मधोमध हिरवा.

"माझ्या पोरींची मुंडकी कुणी उडवली?" बाईंनी विचारलं.

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या एकेका काचेपुढे थांबल्या आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला.

"ठेवलेत छान," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी हे नुसते उभे राहायला नव्हते शिवले. चालायला शिवले होते, जिने उतरायला, कुणाच्या तरी मागे धावायला. असो. आता कोण घालतंय म्हणा." आणि त्या दाराकडे वळल्या.

मी घालते, असं तिला सांगावंसं वाटलं, पण इतक्या लोकांसमोर ती मागेच उभी राहिली. खांदे पडलेले.

"एक जण घालते!"

हातमोजेवाला पुढे झाला होता. बाई थांबल्या. त्यानं खिशातून किल्ली काढली.

"अहो, हे काय!" संग्रहालयाचे संचालक धावले. "काच उघडायची नाही, अशी पाटी तुम्हीच लावलीय ना?"

"मीच लावलीय," तो म्हणाला, आणि काच उघडली. "ड्रेस यांचा आहे, साहेब. आपण उसना आणलाय." मग तो तिच्याजवळ आला. "घालाल?"

"सगळे बघतील..."

"बघायलाच आलेत."

"मी फार उंच दिसते हो."

"मग मी मान वर करीन. सवय झालीय मला."

ती बाजूच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट करून दिली. पहिली पावलं अडखळत पडली. मग कापडानं तिला सांभाळून घेतलं. ती एक पाऊल टाकायची आणि हिरवा घेर अर्ध्या पावलानं मागून यायचा, हलकेच वळायचा, पुन्हा तिच्याशी जुळायचा. तिचे खांदे मागे गेले. मान वर झाली. टोकाशी पोचून ती वळली, आणि त्या वळण्यावर कुणाच्या तरी तोंडून "वा!" निघून गेलं.

"इकडे ये गं," बाई म्हणाल्या. काठी खुर्चीला टेकवून त्या बसल्या आणि ड्रेसची खालची कड त्यांनी बोटांत धरली. "हा वर का राहिलाय?"

"मी उंच आहे ना..."

"काही उंच नाहीस. ड्रेस दुमडलेला आहे." बाईंनी कड उलटून दाखवली. आत चार बोटं कापड दडलेलं होतं. "माया सोडायचे मी. प्रत्येक ड्रेसला, शिवणीत भरपूर माया. पुढं कुणाच्या अंगावर जाईल कुणी सांगावं? कुणी भरते, कुणी वाढते. कात्री आणा!"

संचालकांनी छातीवर हात ठेवला. कात्री आणली हातमोजेवाल्यानंच. बाईंची बोटं थरथरत होती, म्हणून त्या टाका दाखवायच्या आणि तो कापायचा. सगळ्या गर्दीसमोर तो तिच्या पायाशी गुडघे टेकून, मान खाली घालून, एकेक टाका उसवत गेला. हातमोजे कुठं राहिले होते कोण जाणे. शेवटचा टाका तुटला आणि घडी सुटली. इतकी वर्षं उजेड न पाहिलेला गडद हिरवा पट्टा तिच्या घोट्यावर उतरला.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात.

"भाची आहे माझी!" मावशी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, डोळे पुसत. "पहिल्यापासून जुन्याची आवड हो तिला. आमच्याकडूनच आलीय!"

मुलींचा गराडा पडला. आजीचा आहे एक, घालू का? आईचा आहे, बाह्या उसवल्यात, होईल का? बाई खुर्चीत बसून प्रत्येकीला उत्तर देत होत्या आणि त्यांच्या गालांवर रंग चढला होता. पत्रकारांना संचालक सांगत होते, की कल्पना आपलीच होती.

"ए पोरी," निघताना बाईंनी तिला हाक मारली. "माझ्याकडे कपाट भरलंय अजून. उद्या ये. आणि आज या हिरवीला संध्याकाळभर बाहेर फिरवून आण. सकाळी ठेव परत काचेत."

बाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन रस्त्यावर आडवं पडलं होतं. दोघं बसच्या थांब्यापर्यंत चालत आले. तो चालता चालता बोटांनी हवेत काहीतरी जुळवत होता.

"घडी कशी घालायची याचा विचार चाललाय ना?" तिनं विचारलं.

"नाही. म्हणजे... तो उद्या. आत्ता दुसरंच सांगायचंय." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता. फार. आणि ड्रेसचा काही संबंध नाही. ड्रेसशिवायसुद्धा..."

तो थांबला. कानापर्यंत लाल झाला.

"ड्रेसशिवायसुद्धा?" तिनं भुवई उंचावली.

"म्हणजे कुठल्याही ड्रेसमध्ये! अरे देवा..."

ती इतकी हसली की थांब्यावरचे लोक बघायला लागले. मग तिनं त्याचा हात हातात घेतला. "असं अहो-जाहो करून कुणी सांगतं का? पुन्हा सांग."

"तू..." त्यानं मान वर केली. "तू मला आवडतेस."

"मलाही. तू."

बस आली. रांगेतली एक बाई चढता चढता पायरीवरच थांबली होती, हिरव्या ड्रेसकडे टक लावून. "अय्या, कुठं मिळतो हो असा?"

"नाही मिळत," तिच्याआधी तोच म्हणाला. तो ड्रेसकडे बघत नव्हता. "एकच आहे."

बस निघून गेली. दोघांनीही ती जाऊ दिली, आणि हातात हात घालून ते भर रस्त्यानं चालत निघाले.